विद्यापीठावरचा लेख म्हणजे माहितीपत्रक नव्हे

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर नाशिकहून भाचीचा फोन आला. "मामा, एक लिंक पाठवलीय. इथे प्रवेश घेऊ का, सांग ना." लिंक एका खासगी विद्यापीठावरच्या विकिपीडिया लेखाची होती. तिने संस्थेचं संकेतस्थळ पाहिलं होतं, पण "ते स्वतःचं कौतुकच करणार" म्हणून त्यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. विकिपीडियावर मात्र होता.

मी लेख वाचला. 'जागतिक दर्जाचं', 'अग्रगण्य', 'हिरव्यागार परिसरात वसलेलं', 'उद्योगजगताशी दृढ नातं असलेलं'. वसतिगृहातल्या जेवणाचंही कौतुक होतं. विद्यापीठ कोणत्या कायद्याखाली स्थापन झालं, पदवी देण्याचा अधिकार कुठून आला, मूल्यांकन कधी झालं, यातलं काहीच नव्हतं. मग मी लेखाचा इतिहास उघडला. जवळजवळ सगळा मजकूर एकाच खात्याने दोन दिवसांत चढवला होता आणि खात्याचं नाव विद्यापीठाच्याच नावाचं संक्षिप्त रूप होतं. भाची ज्याला त्रयस्थाचं मत समजत होती, ते त्याच माहितीपत्रकाचं दुसरं छापील रूप होतं.

तेव्हापासून मनात असलेली गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो. विश्वकोशातला विद्यापीठावरचा लेख हा त्या विद्यापीठाचा गौरवग्रंथ नाही. कुणीतरी तो वाचून आयुष्यातली तीन-चार वर्षं आणि आईवडिलांची पुंजी कुठे लावायची ते ठरवत असतं. त्यामुळे अशा लेखांतली जाहिरात काढणं हे तुमचं-माझं, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचंही काम आहे. आणि खरं सांगायचं तर ती जाहिरात घालणाऱ्यांतही आपण असतोच.

चूक कशी दुरुस्त होते आणि कुठे होत नाही

विकिपीडिया कुणीही बदलू शकतो, मग तो विश्वासार्ह कसा, हा प्रश्न जुनाच आहे. २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेख विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या दोन्हींमधून घेऊन तज्ज्ञांना तपासायला दिले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिकाच्या लेखात तीन. म्हणजे फरक लोकांना वाटत होता त्यापेक्षा बराच कमी होता.

यामागची यंत्रणा साधी आहे. एखाद्या मूलद्रव्यावरचा किंवा ग्रहावरचा लेख जगभरचे हजारो लोक वाचतात. त्यात चूक झाली तर ती सुधारणारा कुणीतरी भेटतोच आणि आयोडीनचा अणुक्रमांक बदलण्यात कुणाचा फायदाही नसतो. थोडक्यात, चूक सुधारण्याचा वेग हा तटस्थ डोळ्यांच्या संख्येवर अवलंबून असतो.

आता एखाद्या मध्यम आकाराच्या विद्यापीठाचा लेख घ्या. तो वाचतं कोण? प्रवेश घेऊ पाहणारे विद्यार्थी. त्यांना संस्थेची आतली माहिती नसते, त्यामुळे ते दुरुस्ती करू शकत नाहीत. तो बदलतं कोण? जनसंपर्क विभाग, अभिमानी माजी विद्यार्थी आणि कधीकधी चिडलेले माजी विद्यार्थी. म्हणजे ज्यांना माहिती आहे ते तटस्थ नाहीत आणि जे तटस्थ आहेत त्यांना माहिती नाही. विज्ञानाच्या लेखात जी यंत्रणा चूक सुधारते, ती इथे नेमकी लंगडी पडते.

याचा परिणामही दूरवर पोचतो. एमआयटीचे नील थॉम्पसन आणि पिट्सबर्ग विद्यापीठाचे डग्लस हॅन्ली यांनी एक प्रयोग केला. रसायनशास्त्रातल्या काही विषयांवर नवे लेख लिहून घेतले, त्यांतले निम्मे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने निवडून विकिपीडियावर टाकले आणि बाकीचे स्वतःजवळ ठेवले. पुढे प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची भाषा विकिपीडियावर टाकलेल्या लेखांच्या भाषेकडे अधिक झुकलेली आढळली. संशोधकांच्या लेखणीवर विकिपीडियाचा असा ठसा उमटत असेल, तर अठरा वर्षांच्या मुलीच्या निर्णयावर किती उमटेल?

दुसरं उदाहरण तर थेट विद्यापीठांचंच आहे. फ्रान्समधल्या संशोधकांनी विकिपीडियाच्या २४ भाषांमधल्या आवृत्त्या घेऊन जगातल्या विद्यापीठांची एक क्रमवारी तयार केली. पद्धत गुगलच्या पेजरँकची. एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे जाणारा दुवा म्हणजे एक मत, आणि ज्या लेखाला स्वतःला जास्त मतं आहेत त्याच्या मताचं वजन जास्त. म्हणजे 'अमुक शास्त्रज्ञ तमुक विद्यापीठात शिकला' असा दुवा चरित्रलेखात घातला की तो विद्यापीठाच्या पारड्यात पडतो. कुणी अभिमानाने एक ओळ घालतो आणि ती पुढे कुणाच्या तरी गणितात आकडा होऊन बसते. आज तर गुगलच्या उजवीकडच्या चौकटीत आणि संभाषण करणाऱ्या यंत्रांच्या उत्तरांतही हाच मजकूर झिरपतो. तिथे लेखाचा इतिहास उघडून पाहायची सोयही नसते.

आयआयपीएमची गोष्ट

हे सगळं कुठवर जाऊ शकतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण भारतातलंच आहे. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट, म्हणजे आयआयपीएमच्या पानभर जाहिराती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. आयआयएमच्या पलीकडे विचार करण्याचं धाडस करा, असं आवाहन त्यांत असे. २००५ मध्ये रश्मी बन्सल यांच्या 'जॅम' या मासिकाने त्या जाहिरातींमधल्या दाव्यांची तपासणी छापली. पुण्याचे ब्लॉगलेखक गौरव सबनीस यांनी ती उचलून धरली. संस्थेकडून कायदेशीर धमकी आली, सबनीस यांच्या कंपनीवरही दबाव आला आणि आपल्यामुळे कंपनी अडचणीत येऊ नये म्हणून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. मराठी ब्लॉगविश्वात तेव्हा यावर भरपूर चर्चा झाली होती. २०१३ मध्ये ग्वाल्हेरच्या एका न्यायालयाच्या आदेशानंतर आयआयपीएमवर टीका असलेली सत्तरहून अधिक पानं भारतात बंद करण्यात आली. त्यांत चक्क विद्यापीठ अनुदान आयोगाचं, म्हणजे यूजीसीचं एक पानही होतं.

हे उघडपणे चाललं होतं. विकिपीडियावर मात्र गोष्ट शांतपणे घडत होती. 'वायफायवन' या नावाचं एक खातं २००९ पासून आयआयपीएमच्या लेखात बदल करत होतं. टीकेचे संदर्भ या ना त्या नियमाचं कारण देऊन काढायचे, अनुकूल मजकूर घालायचा. भाषा नेहमी सभ्य, नियमांचे दाखले तोंडपाठ. पुढच्याच वर्षी या खात्याला प्रचालकपद, म्हणजे इतरांची पानं सुरक्षित करण्याचे आणि खाती रोखण्याचे अधिकार मिळाले. अनेक वर्षं तक्रारी होत राहिल्या. अखेर फेब्रुवारी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने या खात्यावर बंदी घातली आणि पुढच्या महिन्यात 'न्यूजवीक'ने ही गोष्ट जगापुढे आणली. त्याआधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने आयआयपीएमला एमबीए, बीबीए, बिझनेस स्कूल असे शब्द वापरायला मनाई केली होती, कारण त्या पदव्यांना लागणारी मान्यता संस्थेकडे नव्हती.

या मधल्या वर्षांत किती मुलांनी तो लेख वाचून लाखोंची फी भरली असेल, याचा हिशेब कुणी करू शकत नाही. मला या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग खातेदाराचा हेतू हा वाटत नाही. लेख वाचताना तो जाहिरातीसारखा वाटत नव्हता, हा वाटतो. 'हिरवागार परिसर' लिहिणारा निदान ओळखू तरी येतो. संदर्भ हळूच काढून घेणारा ओळखू येत नाही.

आता आपल्याबद्दल

"असं करणारे लोक वेगळे, आपण नाही," असं म्हणायच्या आधी माझाच गुन्हा कबूल करतो. परदेशात आल्यावर दुसऱ्या वर्षी, एका हिवाळी रात्री घरची फार आठवण येत असताना, मी माझ्या कॉलेजच्या लेखात 'महाराष्ट्रातील सर्वांत प्रतिष्ठित' हे शब्द घातले. सकाळपर्यंत कुणीतरी ते काढून टाकले होते. मी चिडलो. पुन्हा घातले. पुन्हा निघाले. त्या माणसाने शांतपणे एकच प्रश्न विचारला होता: "हे कुणी म्हटलं आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणत होतो, एवढंच.

विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीत अशा शब्दांना 'मोराचे शब्द' म्हणतात. पिसारा मोठा, माहिती शून्य. प्रतिष्ठित, नामांकित, अग्रगण्य, जगविख्यात. एक सोपी चाचणी सांगतो. लेखातली सगळी विशेषणं पुसा आणि काय उरतं ते पाहा. चांगल्या संस्थेच्या लेखात बरंच काही उरतं.

पुण्याचं उदाहरण घ्या. 'पूर्वेचं ऑक्सफर्ड' हा शब्दप्रयोग आपण सगळेच अभिमानाने वापरतो आणि नेहरूंच्या नावे सांगतो. पण त्यातून विद्यापीठाबद्दल काय कळतं? त्यापेक्षा पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव देण्यात आलं, या वाक्यात अधिक माहिती आहे. मुंबई विद्यापीठाला 'देशातलं सर्वांत जुनं' म्हणायचा मोह होतो. वस्तुस्थिती अशी की कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं १८५७ सालची आणि त्यांत कोलकात्याचा क्रम पहिला. एसएनडीटीला 'भारतातलं आणि दक्षिण-पूर्व आशियातलं पहिलं महिला विद्यापीठ' म्हटलेलं आढळतं. पण भारत मुळात दक्षिण आशियात आहे. महर्षी कर्व्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून प्रेरणा घेतली आणि १९१६ मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं केलं, ही गोष्ट कोणत्याही फुगवलेल्या वाक्याहून मोठी आहे.

आणि डेक्कन कॉलेज. माहितीपत्रकाच्या भाषेत लिहायचं तर '१८२१ पासूनची दोनशे वर्षांची अखंड परंपरा' असं लिहिता येईल. पण ती अखंड नाही. सरकारने १९३४ मध्ये कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी न्यायालयापर्यंत लढले आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. पुढे इरावती कर्वे आणि ह. धी. सांकळिया यांनी तिथे जे काम उभं केलं ते या दुसऱ्या जन्मातलं. 'अखंड परंपरा' लिहिताना संस्थेच्या इतिहासातला सर्वांत हृद्य प्रसंग पुसला जातो, आणि तोही माजी विद्यार्थ्यांच्याच पराक्रमाचा.

खरं बोलून फसवणं

विशेषणं पकडणं सोपं आहे. त्याहून अवघड आहे ती खऱ्या तपशिलांनी केलेली दिशाभूल. तीन ठिकाणं दाखवतो.

पहिलं, साल नसलेली श्रेणी. 'नॅककडून ए प्लस प्लस' हे वाचायला छान वाटतं. पण नॅकची श्रेणी साधारणपणे पाच वर्षांसाठी असते. कोणत्या वर्षीची, हे नसेल तर ते वाक्य अर्धवट आहे. एनआयआरएफ ही सरकारी क्रमवारी २०१६ पासून दरवर्षी जाहीर होते आणि तिच्यात अनेक गट असतात. 'पहिल्या पन्नासात' म्हणजे कोणत्या गटात आणि कोणत्या वर्षी?

दुसरं, दर्जा सांगणारं वाक्य. भारतात केंद्रीय विद्यापीठ, राज्य विद्यापीठ, राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ हे वेगवेगळे प्रकार आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यूजीसीने १२३ अभिमत संस्थांना आपल्या नावातून 'विद्यापीठ' हा शब्द काढायला सांगितला. अभिमत असण्यात कमीपणा काहीच नाही. पुण्याची गोखले संस्था आणि आताच सांगितलेलं डेक्कन कॉलेजही अभिमतच आहेत. पण वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळायला हवं. ज्या संस्थांना पदवी देण्याचा अधिकारच नाही, अशांची यादी यूजीसी स्वतः प्रसिद्ध करते, आणि अशा संस्था आपल्या नावात 'विद्यापीठ' बिनदिक्कत लावतात.

तिसरं, माजी विद्यार्थ्यांची यादी. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला अभिनेता, एकदा भाषणाला आलेला उद्योगपती, मानद पदवी मिळालेला नेता, सगळे 'नामवंत माजी विद्यार्थी' होतात. ज्याच्या नावापुढे स्वतंत्र संदर्भ नाही, ते नाव यादीत नको.

दर्जाचं वाक्य किती महत्त्वाचं असतं हे अमेरिकेत राहणाऱ्यांना सांगायला नको. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन इथल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला, तेव्हा तिथे नोंदणी असलेल्यांत हजाराहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. काहींच्या पायांत माग काढणारी यंत्रं अडकवली गेली. नावात 'विद्यापीठ' होतं, संकेतस्थळ होतं, व्हिसाचे कागदही मिळत होते. एखाद्या संस्थेला मान्यता आहे का आणि कुणाची, हे एक कोरडं वाक्य कुणाचं तरी आयुष्य वाचवू शकतं.

"पण मग छोट्या संस्थांनी काय करायचं?"

माझ्या या मताला एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. हार्वर्डवर शेकडो पुस्तकं आहेत. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या कॉलेजवर वर्तमानपत्रात दोन बातम्या येतात आणि त्याही मराठीत. संदर्भाचा नियम कडक लावला तर मोठे आणखी मोठे दिसतील आणि छोटे दिसणारच नाहीत.

हा असमतोल खरा आहे. पण विशेषणं हा त्यावरचा उपाय नव्हे, संदर्भ हा आहे. मराठी वर्तमानपत्रातली बातमी हा संदर्भ म्हणून पूर्ण चालतो, तो इंग्रजीत असण्याची अट नाही. जिल्ह्याचं गॅझेटियर, विद्यापीठाचा कायदा, एखाद्या शिक्षकाच्या चरित्रातलं प्रकरण, हे सगळं चालतं. स्थापनेचं साल, विभागांची नावं, विद्यार्थिसंख्या अशा साध्या गोष्टींसाठी संस्थेचा स्वतःचा अहवालही पुरतो. फक्त कौतुकासाठी तो चालत नाही. हे साहित्य शोधणं दिल्लीतल्या किंवा लंडनमधल्या संपादकाला जमणार नाही. ते तुमच्या घरातल्या कपाटात, बाबांनी जपून ठेवलेल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत असू शकतं.

उलट बाजूचंही एक वाक्य सांगितलं पाहिजे. संस्थेवरचा राग काढायला लेखातला 'वाद' हा विभाग फुगवणं हीसुद्धा जाहिरातच आहे, फक्त उलटी. शंभर वर्षांच्या संस्थेच्या लेखात अर्धी जागा गेल्या वर्षीच्या एका आंदोलनाने व्यापली, तर तो लेखही वाचणाऱ्याला चुकीचंच चित्र दाखवतो.

तुम्ही काय करू शकता

आपल्या कॉलेजचा लेख उघडा. आधी 'इतिहास' पाहा, कुणी काय घातलं ते तिथे दिसतं. मग पहिला परिच्छेद वाचा: प्रकार, स्थापना, मान्यता, सालासकट आहे का? नसेल तर त्या संस्थेशी तुमचं नातं सांगून लेखाच्या चर्चापानावर संदर्भासह विनंती लिहा. तुम्ही तिथे नोकरीला असाल किंवा पैसे घेऊन लिहित असाल, तर थेट लेखाला हात लावू नका. पैसे घेऊन केलेलं संपादन जाहीर करणं २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींमध्येच आहे. आणि मराठी विकिपीडियाकडे विशेष लक्ष द्या. २००३ मध्ये सुरू झालेल्या या आवृत्तीत राखण करणारे हात इंग्रजीच्या मानाने फारच थोडे आहेत. तिथे एकदा चढलेली जाहिरात वर्षानुवर्षं तशीच राहू शकते.

भाचीचं सांगायचं राहिलं. मी तिला हो किंवा नाही म्हटलं नाही. विद्यापीठाचा कायदा, यूजीसीची यादी आणि मूल्यांकनाचं साल कुठे पाहायचं ते दाखवलं. तिने अर्ध्या तासात सगळं शोधून काढलं. विद्यापीठ कायदेशीर होतं, पण तिला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडीसुद्धा अजून बाहेर पडली नव्हती. लेखात मात्र त्याच अभ्यासक्रमाच्या 'उत्कृष्ट नोकऱ्यां'चं वर्णन होतं. तिने दुसरीकडे प्रवेश घेतला.

त्यानंतर चर्चापानावर ती विनंती तिनेच लिहिली. महिनाभराने वाक्य निघालं. पुढच्या जूनमध्ये तो लेख उघडणाऱ्या मुलीला ते आता दिसणार नाही.